लायसनचे पैसे वाचले, मग ते गेले कुठे?

"आम्ही सगळं ओपन सोर्सवर नेलंय, लायसनचा खर्च शून्य" हे वाक्य हल्ली पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मधल्या साइजच्या कंपनीत, सहकारी बँकेत, अगदी एखाद्या नगरपालिकेच्या आयटी सेलमध्येसुद्धा ऐकायला मिळतं, आणि सांगणाऱ्याचा चेहरा असा असतो की जणू त्याने एकट्याने ऑरेकलला, म्हणजे महागडा डेटाबेस विकणाऱ्या कंपनीला, लोळवलंय. मी पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि वापर फुकट असलेली ओपन सोर्स डेटाबेस सॉफ्टवेअर्स, त्यामुळे हे ऐकून मला आनंद होतोच. पण लगेच विचारावंसं वाटतं की साहेब, वाचलेले पैसे कुठल्या हेडखाली टाकलेत? बहुतेक वेळा समोरच्याला प्रश्नच कळत नाही. वाचले म्हणजे वाचले, बजेटमधून ती ओळच उडाली, फायनान्सवाले खूश, विषय संपला.

माझं म्हणणं आहे की ती ओळ उडवायचीच नव्हती. लायसनवर जे जात होतं त्यातला मोठा भाग डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसावर आणि त्याच्या सरावावर जायला हवा, थोडा भाग ज्यांची टूल्स आपण फुकट वापरतो त्यांच्याकडे जायला हवा, आणि जिथे पैसा लोकांचा आहे, म्हणजे सरकार, महापालिका, विद्यापीठ, सहकारी बँक, तिथे हे टेंडरमध्येच लिहिलेलं पाहिजे. बाकी उरलेलं खुशाल वाचवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर लोक मला लायसन विकणाऱ्यांचा माणूस समजतील. ओपन सोर्स टूल्सशिवाय माझं काम होणार नाही आणि मला परत मागे जायचं नाहीये. ज्यांनी ऑरेकलवर काम केलंय त्यांना एडब्ल्यूआर रिपोर्टची गंमत माहीत असेल. डेटाबेस हळू का चाललाय हे बघायचं असेल तर त्या रिपोर्टसारखं दुसरं काही नाही, खरंच भारी आहे, पण तो डायग्नॉस्टिक पॅकमध्ये येतो, आणि डायग्नॉस्टिक पॅकचे पैसे एंटरप्राइझ एडिशन या ऑरेकलच्या मोठ्या आवृत्तीच्या वर वेगळे. मजा अशी की एंटरप्राइझ एडिशन इन्स्टॉल केलं की हे फीचर आपोआप चालूच असतं, कोणी अडवत नाही, कुठे "लायसन टाका" असा बोर्ड येत नाही, तुम्ही बिनधास्त रिपोर्ट काढता आणि तो वापर डेटाबेसच्या आतल्या एका व्ह्यूमध्ये गुपचूप नोंदला जातो. मग कधीतरी लायसन ऑडिटवाले येतात आणि तोच व्ह्यू उघडून दाखवतात. म्हणजे पेशंटचा ताप मोजायलासुद्धा आधी लीगलला विचारायचं. पोस्टग्रेसमध्ये त्याच कामासाठी पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन डेटाबेससोबतच मिळतं, लॉग फाइल्स पीजीबॅजर या टूलला खायला घातल्या की कुठली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती वेळा आली, कोण कुणाच्या लॉकमागे अडकलं, टेम्प फाइल्स किती झाल्या याचं छान एचटीएमएल पान तयार होतं, आणि कुणाच्या परवानगीची भानगड नाही. या मोकळेपणाची किंमत ज्याने दोन्हीकडे काम केलंय त्यालाच कळते.

पण पीजीबॅजर कुणी लिहिलं हे किती जणांना माहीत आहे? फ्रान्समधला झील दारोल्ड नावाचा एक प्रोग्रामर, पर्लमध्ये. आणि ऑरेकलमधून पोस्टग्रेसमध्ये यायचं म्हटलं की सगळे ज्याच्याकडे धावतात ते ओरा-टू-पीजी, तेही त्याचंच, वीस वर्षांहून जास्त काळ चालवतोय. जगभरातल्या बँका, सरकारी खाती आणि मोठमोठे कन्सल्टंट याच एका टूलच्या जोरावर मायग्रेशनची प्रपोजल्स बनवतात. आपल्याकडचे कन्सल्टंटही बनवतात, त्यावर स्वतःचा लोगो लावतात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

ओरा-टू-पीजीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण पैसे कुठे जायला हवेत ते त्याच्या रिपोर्टमध्येच छापून येतं. त्याला एस्टिमेट काढायला सांगितलं की तो तुमच्या ऑरेकल स्कीमामधून (डेटाबेसच्या रचनेमधून) फिरतो, टेबलं, इंडेक्स, ट्रिगर, पॅकेजेस, फंक्शन्स सगळं मोजतो, प्रत्येकाला मेहनतीचे पॉइंट देतो आणि शेवटी किती मनुष्यदिवस लागतील तो आकडा काढतो. टेबलं पटकन निघतात. अडतं ते पॅकेजेसमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या फंक्शन्समध्ये, कारण ऑरेकलसारखी पॅकेजेस पोस्टग्रेसमध्ये नाहीतच, ती फोडून स्कीमा आणि फंक्शन्समध्ये बसवावी लागतात. आणि मग ती जुनी डोकेदुखी, ऑरेकल रिकाम्या स्ट्रिंगला (रिकाम्या मजकुराला) नल, म्हणजे 'माहितीच नाही', समजतो, पोस्टग्रेस समजत नाही. पंधरा वर्षं जुन्या कोडमध्ये कुठे कुठे "नल असेल तर" अशी अट घातलीय आणि फॉर्ममधून रिकामी स्ट्रिंग येतेय हे कुठलंच टूल शंभर टक्के सांगू शकत नाही, ते बिझनेस लॉजिक कळणाऱ्या माणसाने बसून बघावं लागतं. म्हणजे टूल स्वतःच सांगतंय की बाबांनो, माणसं लागतील, एवढे दिवस लागतील. मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनमध्ये मात्र डावीकडे लायसनचा खर्च, उजवीकडे शून्य, मध्ये एक हिरवा बाण. मनुष्यदिवसांचा आकडा शेवटच्या स्लाइडला, बारीक अक्षरात, आणि तोही निगोसिएट करून अर्धा केलेला.

आता ही टूल्स येतात कुठून ते बघा. पीजीबाउन्सर स्काइपमध्ये जन्माला आलं, कारण स्काइपला पोस्टग्रेसवर प्रचंड कनेक्शन्स सांभाळायची होती. पॅट्रोनी, म्हणजे प्रायमरी (मुख्य सर्व्हर) पडला तर आपोआप दुसऱ्या नोडला प्रायमरी करणारं टूल, ते बर्लिनच्या झालांडोने वाढवलं, ही कंपनी ऑनलाइन कपडे आणि बूट विकते. मायएसक्यूएलमध्ये चालू टेबलाची रचना बदलायला आपण गोस्ट वापरतो ते गिटहबने २०१६ साली बाहेर आणलं, कारण आधीची टूल्स ट्रिगर (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारा कोड) लावायची आणि त्यांच्या लोडवर ते ट्रिगरच नडत होते, मग त्यांनी बायनरी लॉग (बदलांची नोंदवही) वाचून तेच काम करायची युक्ती काढली. एक्स्ट्राबॅकअप पर्कोनाने काढलं, कारण इनोडीबीचा, म्हणजे मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनचा, डेटाबेस चालू असताना बॅकअप घ्यायचं टूल तेव्हा विकत घ्यावं लागायचं. बारमन हे पोस्टग्रेसचं बॅकअप टूल इटलीत तयार झालं. प्रत्येक ठिकाणी कोणाची तरी रात्रीची झोप उडाली होती, त्याने स्वतःपुरतं औषध शोधलं आणि नंतर ते सगळ्यांना देऊन टाकलं. ज्या पगारावर ते लिहिलं गेलं तो पगार कोणीतरी देत होतं, हे आपण विसरतो.

आणि यात आपण फक्त घेणारे आहोत असंही नाही. पोस्टग्रेसच्या ८.३ व्हर्जनमध्ये, म्हणजे २००८ साली, हॉट नावाची सुधारणा आली, हीप ओन्ली टपल्स. थोडक्यात सांगायचं तर रो (टेबलातली ओळ) अपडेट झाली आणि इंडेक्समधला कॉलम बदललाच नसेल तर इंडेक्सला हात न लावता त्याच पानावर नवी रो बसवायची. सतत अपडेट होणाऱ्या टेबलांचं फुगणं त्याने किती कमी झालं हे त्या काळात काम करणाऱ्यांना विचारा. रिलीज नोट्समध्ये त्यापुढे पवन देवळसी हे नाव आहे, काम पुण्यातलं. पीजीअ‍ॅडमिन ४, म्हणजे पोस्टग्रेस हाताळायचं टूल, ज्याच्या आयकॉनवर नवशिक्या पोरांपासून सगळे क्लिक करतात, त्याचं बरंचसं काम एंटरप्राइझडीबी या पोस्टग्रेस कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून होतं. ईआरपीनेक्स्ट हे कंपनीचा कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर मुंबईतल्या फ्रॅपेचं, आणि ते मारियाडीबीवर, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या डेटाबेसवर, उभं आहे. म्हणजे गुणवत्ता इथेच शेजारी बसलेली आहे. तिच्यावर पैसे घालायची वेळ आली की मात्र आपण दुसऱ्याच्या कंपनीच्या उदारपणावर अवलंबून.

कंपनीचं काय, आज आहे उद्या विकली गेली. मायएसक्यूएलचा प्रवास आठवा, २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने साधारण एक अब्ज डॉलर मोजून घेतली, २०१० मध्ये सनच ऑरेकलच्या पोटात गेली, आणि जे लोक ऑरेकल नको म्हणून मायएसक्यूएलवर आले होते ते एका सकाळी परत ऑरेकलच्या दारात. मूळ लेखकाने मारियाडीबी म्हणून वेगळी चूल मांडली म्हणून निदान पर्याय तरी राहिला. बारमन सांभाळणारी सेकंडक्वाड्रंट २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने घेतली. पीजीबॅकरेस्ट या बॅकअप टूलला वर्षानुवर्षं पाठबळ देणारी क्रंची डेटा २०२५ मध्ये स्नोफ्लेकने घेतली. कोड कुणी पळवून नेत नाही हे खरंय, लायसन तसं आहे, उद्याही डाउनलोड होईल. पण कोडला बग येतात, पोस्टग्रेसचं नवं मेजर व्हर्जन दरवर्षी येतं आणि बॅकअप टूलला त्या नव्या व्हर्जनशी जुळवून घ्यावंच लागतं, ते करणाऱ्या माणसाचा पगार नव्या मालकाला परवडेनासा झाला तर? "फोर्क करू", म्हणजे कोडची प्रत घेऊन पुढे आपणच चालवू, असं म्हणणारे भरपूर भेटतात. पीजीबॅकरेस्टचा सोर्स उघडून, तो आता सी भाषेत आहे, त्यातला एक बग स्वतः शोधून पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवलाय असा माणूस तुमच्या ऑफिसात आहे का, असं विचारलं की शांतता.

एक्सझेडचं प्रकरण तर ताजंच आहे, मार्च २०२४. लिनक्समध्ये सगळीकडे असलेली कॉम्प्रेशनची एक छोटी लायब्ररी, सांभाळणारा एकटा माणूस, थकलेला, हे बिनपगारी छंदाचं काम आहे असं त्याने मेलिंग लिस्टवर सांगूनही झालेलं. त्याच्या थकव्याचा फायदा घेत कोणीतरी जिया टॅन या नावाने दोनेक वर्षं गोड बोलून, पॅच देऊन, विश्वास कमावून आत शिरलं आणि ५.६.० व ५.६.१ या व्हर्जनमध्ये मागचा दरवाजा बसवून गेलं. पकडलं कोणी? अँड्रेस फ्रॉइंडने, आणि हा मूळचा पोस्टग्रेसचा डेव्हलपर आहे. पोस्टग्रेसचे बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या) घेत होता, मशीनवर एसएसएच लॉगिनला (दुरून मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय आणि सीपीयू का खातोय म्हणून खोदत गेला आणि हे सापडलं. लोक यातून "बघा, ओपन सोर्स किती सुरक्षित" असा अर्थ काढतात. मला त्यात दिसतं ते वेगळं, अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवायला ज्याच्याकडे वेळ होता आणि त्या वेळेचा पगार मिळत होता असा एक माणूस योगायोगाने तिथे होता. तो मायक्रोसॉफ्टच्या पगारावर होता. एक्सझेड सांभाळणारा कुणाच्याच पगारावर नव्हता.

हे झालं बाहेरचं. आता आपल्या घरात काय चाललंय ते बघू.

एका संस्थेत, नाव घेत नाही, मला "जरा परफॉर्मन्स बघून द्या" म्हणून बोलावलं होतं. त्यांनी मोठ्या हौसेने ओपन सोर्सवर उडी मारलेली, डेटाबेस पोस्टग्रेस, बॅकअपला एक शेल स्क्रिप्ट, रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालतं, पीजी-डंपचं, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणाऱ्या कमांडचं, आउटपुट पाइपने जीझिपला, म्हणजे ते दाबून लहान करणाऱ्या कमांडला, फाइल बॅकअपच्या फोल्डरमध्ये, रोजची तारीख नावात. फोल्डर उघडला तर तारखेवार फाइल्स शिस्तीत लागलेल्या. साइजचा कॉलम बघितला, वीस बाइट. त्याच्या आधीची, वीस बाइट. त्याच्याही आधीची वीस बाइट. रिकामं इनपुट जीझिपला दिलं की जी फाइल तयार होते ती बरोबर वीस बाइटची असते. झालं होतं असं की कोणीतरी पासवर्ड पॉलिसी म्हणून डेटाबेस युजरचा पासवर्ड बदलला, पीजी-डंपला आत जाता येईना, तो एरर देऊन बाहेर पडायचा, जीझिप आपलं रिकाम्या हाताने का होईना काम इमानदारीत पूर्ण करायचं, आणि शेलमध्ये पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, त्यामुळे स्क्रिप्ट सुखाने "बॅकअप सक्सेसफुल" असा मेल पाठवायचं. पाइपफेल नावाचा एक पर्याय स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहिला असता तर हे पहिल्याच रात्री कळलं असतं. ऑडिटरला ते मेल प्रिंट काढून फाइलला लावून दाखवले जात होते, त्यावर सही-शिक्का होता. सर्व्हरची डिस्क त्या काळात गेली नाही हे नशीब.

यात चूक पीजी-डंपची आहे का? अजिबात नाही. पोस्टग्रेसची? नाही. तिथे डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, नव्हताच. लायसन वाचवताना डीबीएची पोस्टही "आता काय गरज, ओपन सोर्स आहे, डेव्हलपर बघतील" म्हणून भरली नव्हती, आणि ज्या पोराने स्क्रिप्ट लिहिलं त्याने ते इंटरनेटवरून उचलून चिकटवलं होतं आणि तो कधीच नोकरी सोडून गेला होता. पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन तेव्हाही फुकटच उपलब्ध होतं, पीजीबॅकरेस्ट चेकसम (डेटा बिघडलाय का ते) तपासतं, दोन्हींमध्ये वॉल आर्काइव्ह (बदलांच्या नोंदींचा साठा) येतंय की नाही हे चेक कमांडने बघता येतं. फुकट असून बसवलं नाही, कारण बसवायला, समजून घ्यायला आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघायला लागणारा माणूस फुकट नव्हता.

हे फक्त आपल्याकडच्या ढिसाळपणाचं लक्षण आहे असं वाटत असेल तर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र आठवा. रेप्लिकेशन, म्हणजे दुय्यम सर्व्हरवर होणारी नक्कल, मागे पडलं होतं, दुय्यम सर्व्हर नव्याने भरायचा म्हणून त्याची डेटा डिरेक्टरी उडवायची होती, थकलेल्या इंजिनिअरने कमांड चुकून प्रायमरीवर मारली. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं तोवर साधारण ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर एकेक करत सगळे नापास. पीजी-डंप रोज चालायचा पण त्याचं व्हर्जन ९.२ चं आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे तो रोज फेल व्हायचा, आणि फेल झाल्याचे मेल डीमार्कच्या (मेल खरा आहे का ते तपासणाऱ्या) नियमामुळे मेल सर्व्हरने परस्पर नाकारलेले. डिस्क स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी वाचवलं कोणी, तर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, नंतर सविस्तर लिहिलं, त्याबद्दल त्यांना सलामच, आपल्याकडे तर बँकेचा सर्व्हर दोन दिवस बंद असतो आणि दारावर "तांत्रिक अडचणीमुळे" एवढाच कागद. त्यांनी स्वतःच्या अहवालात जे कबूल केलं त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बॅकअप नीट होतायत का हे बघण्याची जबाबदारी कुणा एकाची नव्हती. टूल्स पाच होती, मालक एकही नव्हता.

आता समोरची बाजू. आयटी मॅनेजर म्हणतात, म्हणूनच आम्हाला मोठ्या कंपनीचं प्रॉडक्ट बरं वाटतं, काही झालं तर गळा धरायला कोणीतरी असतं. मला हे ऐकून गंमत वाटते. लायसनचा करार कधी वाचलाय का? डेटा गेला तर आम्ही जबाबदार नाही, झालीच भरपाई तर एवढ्यापुरतीच, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. ऑरेकलवर त्यांच्याच आरमॅन टूलचा बॅकअप तुम्ही रिस्टोर करून बघितला नसेल तर ऑरेकल येऊन बघून देणार नाही. सपोर्ट लागतो हे मान्य, शंभर टक्के मान्य, आणि पोस्टग्रेस-मायएसक्यूएलवर सपोर्ट विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडून घ्या, तो पैसा सत्कारणी लागतो कारण त्यातूनच ही टूल्स लिहिणाऱ्यांचे पगार निघतात. फक्त तिथेही एक विचारा, की तुमच्याकडच्या किती लोकांनी मूळ प्रोजेक्टमध्ये काही दिलंय. नुसता लोगो लावून फोन उचलणारा सपोर्ट आणि कोड लिहिणाऱ्याचा सपोर्ट यात फार फरक आहे.

दुसरे म्हणतात क्लाउडवर टाका, मॅनेज्ड, म्हणजे क्लाउडवालेच सांभाळतील असा, डेटाबेस घ्या, डीबीएची कटकटच नको. छोट्या टीमसाठी हे मलाही पटतं, बॅकअप आपोआप होतो, फेलओव्हर होतो (एक सर्व्हर पडला की दुसरा उभा राहतो), पॅचिंग होतं. पण क्वेरी वाईट असेल तर क्लाउडवरही वाईटच चालते, वर बिल वाढतं. सुपरयुजर (सगळे अधिकार असलेला युजर) तुमच्याकडे नसतो, हवं ते एक्स्टेंशन टाकता येत नाही. आणि व्हॅक्यूमचं, म्हणजे जुन्या रो साफ आणि फ्रीझ करायच्या कामाचं, काय? पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनचा नंबर ३२ बिटचा आहे, साधारण दोनशे कोटी ट्रान्झॅक्शन्सच्या अंतरात जुन्या रो फ्रीझ झाल्या नाहीत तर डेटाबेस स्वतःला वाचवायला लिहिणंच बंद करतो. २०१५ मध्ये सेंट्री या सेवेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपच्या मँड्रिल या मेल सेवेला याच कारणाने मोठा फटका बसला, आणि तिथे आपल्यापेक्षा कितीतरी जाणकार लोक बसलेले होते. एखादं ट्रान्झॅक्शन कुणी उघडं ठेवून घरी गेलं, एखादा जुना रेप्लिकेशन स्लॉट तसाच लटकत राहिला, तर व्हॅक्यूमला पुढे जाता येत नाही, मग सर्व्हर तुमचा असो की भाड्याचा. ते बघणारा कोणीतरी लागतो, त्याला त्या कामाचा वेळ लागतो, आणि तो वेळ जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरच्या कुठल्याही टिकिटात दिसत नाही म्हणून अप्रेझलला त्याचं काहीच नसतं. काही बिघडलं नाही म्हणजे हा माणूस काही करत नाही, असा हिशोब.

म्हणून मी टेंडरवर येतो. केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापराचं धोरण २०१५ सालीच आलंय, सरकारी खात्यांनी खरेदीत ओपन सोर्सचा विचार करायचाच, आणि पुरवठादाराने तो पर्याय वगळला तर कारण द्यायचं, असं त्यात आहे. आयुष्यभराचा खर्च आणि सपोर्ट बघा असंही त्यात म्हटलंय. कागद उत्तम आहे. पण खाली टेंडर येताना ते जुन्याच साच्यात ओतलं जातं, हार्डवेअर इतकं, सॉफ्टवेअर इतकं, एएमसी (वार्षिक देखभाल) इतक्या टक्के. सॉफ्टवेअरच्या खान्यात शून्य आलं की त्याच्या टक्केवारीवर काढलेली एएमसीही शून्याकडे सरकते, एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी बोलीच्या, शर्यतीत ज्याने माणूस कमी धरला तो जिंकतो, आणि मग तीन जिल्ह्यांची जबाबदारी एका फ्रेशरवर. हे कोणी मुद्दाम करत नाही, फॉर्मच तसा आहे. तर फॉर्म बदला. डेटाबेस सांभाळणारा माणूस ही वेगळी ओळ असू द्या, सॉफ्टवेअरच्या किमतीची टक्केवारी म्हणून नको. पेमेंटचा एक हप्ता रिस्टोरला बांधा, म्हणजे दर तिमाहीला ठेकेदाराने कोऱ्या मशीनवर, खात्याच्या माणसासमोर, कालचा बॅकअप उभा करून दाखवायचा, किती वेळ लागला ते लिहायचं, रोल्ससुद्धा (डेटाबेसचे युजर) आले का बघायचं, कारण नुसत्या एका डेटाबेसच्या पीजी-डंपमध्ये ते येत नाहीत आणि हे रिस्टोरच्या दिवशीच आठवतं. नाही दाखवला तर हप्ता नाही. याला कुठलाही नवा कायदा लागत नाही, टेंडरच्या कागदात एक परिच्छेद वाढवायचाय.

आणि दुसरी ओळ, मूळ प्रोजेक्टसाठी. इथे लगेच आवाज चढतो, की आपल्या करदात्यांचा पैसा फ्रान्स-जर्मनीतल्या कुणाला का द्यायचा? अहो, लायसन घेत होतात तेव्हा तो पैसा कुठे जात होता, कोल्हापूरला? आणि बाहेर पाठवाच असं माझं म्हणणं नाहीये. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला, सरकारी पैशातून अशा पायाभूत ओपन सोर्स प्रोजेक्टच्या देखभालीला पैसे देतात, कारण त्यांना कळलंय की हे रस्त्यासारखंच आहे. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला दहा लाख डॉलर, एका खासगी ब्रोकरने स्वतःच्या नफ्यातून. एक कंपनी हे करू शकते तर राज्य सरकारच्या आयटी खात्याला का जमू नये हा साधा प्रश्न आहे. पैसे इथल्याच पोरांना द्या, पण काम मूळ प्रोजेक्टमध्ये झालं पाहिजे अशी अट घाला. पॅच तपासणं, नव्या व्हर्जनवर बॅकअप टूल टेस्ट करणं, बग नीट रिप्रोड्यूस करून देणं, ही कामं कुठल्याच प्रोजेक्टला पुरेशी मिळत नाहीत. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात डीबीएमएसच्या लॅबमध्ये अजून कर्मचारी आणि विभागाचं तेच टेबल घेऊन जॉइन शिकवतात, त्याच मुलांना एक सेमिस्टर पीजीबॅकरेस्टच्या टेस्ट सूटवर बसवलं तर नोकरीला लागताना ती कोणापुढे हात जोडणार नाहीत.

खासगी कंपन्यांबद्दल जास्त लिहीत नाही, तिथे मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. फक्त जे सीटीओ कॉन्फरन्समध्ये "वी लव्ह ओपन सोर्स" असा टी-शर्ट घालून बोलतात त्यांनी ऑफिसात परत गेल्यावर आपल्या डीबीएला आठवड्यातला अर्धा दिवस मूळ प्रोजेक्टवर काम करू द्यावं, टी-शर्टपेक्षा ते स्वस्त पडेल.

सहकारी बँकांचं मात्र सोडवत नाही, कारण तिथे ठेवी आपल्या आई-वडिलांच्या असतात. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची श्रेणीवार चौकट डिसेंबर २०१९ मध्येच दिली, ऑडिट होतात, चेकलिस्ट भरल्या जातात. माझी मागणी त्या चेकलिस्टपुरती आहे. "बॅकअप पॉलिसी आहे का" या प्रश्नाला सगळ्यांचंच उत्तर हो असतं, पॉलिसीची पीडीएफ कुठूनही मिळते. त्याऐवजी ऑडिटरने विचारावं की शेवटचा रिस्टोर कोणत्या तारखेला केला, किती तास लागले, करणाऱ्याचं नाव काय, आणि तो माणूस आज इथे नोकरीला आहे का. पुढच्या वार्षिक सभेत भागधारकांनीही लाभांशाच्या आधी हेच विचारायला हरकत नाही, विचारायचा अधिकार आहे त्यांना.